खालचा कप्पा

नेरुळच्या या घरात कपाटाचा खालचा कप्पा
माझा एकटीचा आहे.
तिथे दिवाळी जूनपासून मुक्कामाला असते,
घड्या घालून, डांबरगोळ्यांच्या वासात,
आणि शेजारी दोनशे पानी वही,
जिच्यावर मी मुद्दाम ‘दूध व पेपर’ लिहिलंय,
म्हणजे कुणी हात लावणार नाही.

वहीचा नियम एकच.
काय हवं, असं विचारलं की माणूस खरं बोलत नाही,
‘कशाला उगाच’ म्हणतो.
खरं बोलतो ते दुसरंच काही सांगताना.
ते तेव्हाच टिपायचं,
भाजीची पिशवी हातात असली तरी.

झुबेदा मुकादम, दुसरा मजला, जानेवारी:
‘सुई ओवायची तर नातवाला हाक मारावी लागते.’
सुई ओवायचं यंत्र. वाशी, सेक्टर नऊ, बटणवाला. तीस रुपये.
ईदला दिलं.
आठवड्याने माझ्या पडद्याची उसवलेली कड
शिवलेली दिसली. विचारलं तर म्हणाली,
‘यंत्र चालतं का बघत होते.’

लिफ्टवरचे रोहिदास भगत, करावे गाव:
‘पोरगी रात्री अभ्यासाला बसते,
दिवा लावला की धाकटा उठून रडतो.’
पुस्तकाला अडकवायचा छोटा दिवा.
सेल वेगळे घेणे.
‘सेल वेगळे घेणे’च्या खाली दोन रेघा.
एका वर्षी विसरले होते,
बंद गाडी मांडीवर घेऊन बसलेलं ते पोर
अजून माझ्याकडे बघतंय.

तेजश्रीचं माप दर सहा महिन्यांनी खोडते.
एकदा पावसाळ्यात चिठ्ठ्यांचा गोंद सुटला
आणि सगळी पुडकी निनावी झाली;
हातात तोलून, दाबून, ओळखत बसले,
हे जड म्हणजे जाऊबाई, हे मऊ म्हणजे तिची सून.

नवरा म्हणतो, तू भेटी देतेस की ऑडिट करतेस?
त्याला काय सांगू,
एकोणतीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर गेली,
माया करायची तरी मला रकाने लागतात.

शेवटून दुसरं पान:
विद्याधर. चरई, ठाणे. नऊ डिसेंबर.
तीन वर्षं बोलणं नाही.
कारण लिहिलेलं नाही,
वहीत कारणांचा रकानाच नाही.
पण घेणं थांबलं नाही हे खरं.
मफलर. शाईचं पेन. गेल्या वर्षी पितळेची झारी.
तिन्ही तपकिरी कागदात, एकावर एक,
कप्प्याच्या अगदी मागे,
जिथे केरसुणीही पोचत नाही.

परवा वहिनीचा फोन. गुडघ्याचं सांगत होती,
मग म्हणाली, ‘हे हल्ली गच्चीत गुलाबाची कलमं बांधतात.
माझ्या भाजीच्या सुरीची पार वाट लावली.’
फोन खांद्याने दाबून धरला, वही ओढली,
लिहिलं.

बेलापूरच्या रोपवाटिकेत मिळाली ती सुरी.
लाकडी मूठ, पातं आत मिटणारं.
पैसे देऊन बाहेर आले आणि आई आठवली:
धारेची वस्तू भेट देऊ नये, नातं कापतं.
द्यायचीच झाली तर घेणाऱ्याकडून
एक रुपया घ्यावा,
म्हणजे त्याने विकत घेतल्यासारखं होतं.

रुपया काही कुरियरने येत नाही.
त्यासाठी दारात उभं राहावं लागतं.
त्याने आधी दार उघडावं लागतं,
मग शर्टाचा खिसा, मग पँटचा,
मग ‘सुटे नाहीत गं’ म्हणावं लागतं,
त्याच त्या, नाकातल्या आवाजात.

रात्री वहीत भर घातली:
नऊ डिसेंबर. ठाण्याची सकाळची बस, वेळ विचारणे.
पुडकी चार. मोठी पिशवी.
फुलबिल नको.
आणि खाली, रेघ मारून:
सुटा रुपया, एक.
त्याच्याकडे नसेल तर
माझ्याकडून उसना.